जुन्या बाजारात मिळालेलं झाडाचं चित्र: खरंच जुनं की कॅलेंडरचं पान?

रानजाई
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज प्रश्न घेऊन आले आहे.

परवाच्या रविवारी नवऱ्याला कसलासा पाना हवा होता म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. पाना मिळाला नाही. एका पथारीवर पितळी नळ आणि बंद पडलेली घड्याळं यांच्यामध्ये एक फ्रेम दिसली. आत एका झाडाचं चित्र. रुंद, ठळक शिरांची पानं, त्यांच्यामधून वर आलेला जाड तुरा, तुऱ्याच्या टोकाला गुलाबी पाकळ्यांसारखं काहीतरी. बाजूला फुलाचा एक भाग सुटा करून मोठा काढलेला. पथारीवाला "ब्रिटिशांच्या टायमाचं आहे ताई" म्हणत पंधराशेवर अडला होता, शेवटी सहाशेला दिलं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, जुन्या कॅलेंडरचं पान असणार. सासूबाई म्हणाल्या, "ही तर रानहळद." मला स्वतःला ऑर्किड वाटतंय. तर प्रश्न असा की हे जुनं आहे का, कसं ओळखायचं? आणि पूर्वी अशी चित्रं छापायचे तरी कशी? रंग कसे भरायचे? फोटो चढवायचा चारदा प्रयत्न केला, चढत नाहीये.

पंक्चरवाला
नवऱ्याशी सहमत. पान्याचं पुढे काय झालं?

दगडीछाप
रानजाई, आधी एक दहापटीचं भिंग मिळवा. घड्याळजीकडे असतं तसलं.

रंगाच्या भागावर धरा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके रांगोळीसारखे एकमेकांत गुंतलेले दिसले तर ऑफसेट, हल्लीची यंत्रावरची छपाई. म्हणजे नवरा जिंकला, विषय संपला.

ठिपके नाहीत, रेघा कडक आणि टोकाशी निमुळत्या होत गेलेल्या, बोट फिरवलं तर शाई किंचित उंच लागते आणि चित्राभोवती कागद चौकोनी दबलेला, असं असेल तर तांब्याचा पत्रा. कोरणीने पत्र्यात चर पाडायचे, चरांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, मग ओलसर कागद ठेवून रुळाखालून न्यायचा. कागद चरात घुसतो आणि शाई उचलून आणतो. त्या दाबानेच पत्र्याची कड कागदावर उमटते.

रेघ खडूने ओढल्यासारखी कणीदार आणि कड कुठेच नाही, तर शिळाछाप. माझं आवडतं. बव्हेरियातला एक खास चुनखडीचा दगड, त्यावर तेलकट खडूने चित्र, वरून डिंक आणि किंचित आम्ल. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाई घेत नाही, तेलकट रेघ घेते. काही कोरायचं नाही. झेनेफेल्डर नावाच्या माणसाने १७९६ ते १७९८ च्या सुमारास हे शोधलं. त्याला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती.

रंगाचं म्हणाल तर काळ्या छापावर हाताने जलरंग. भिंगातून पाहा, कुठेतरी रंग रेघ ओलांडून बाहेर गेलेला दिसेलच. रोज तेच पान शेकडो वेळा रंगवणाऱ्याचा हात कधीतरी सुटतो.

अननसवाली
वाचनखूण साठवली. आणि दगडीछाप, तुमच्या आयडीचा अर्थ आज कळला. मी इतकी वर्षं दगडी चाळ समजत होते.

घाटवाटा
हे सगळं ठीक, पण फोटो असताना हल्ली ही चित्रं काढतात कशाला? नॉस्टॅल्जिया सोडून काही कारण आहे का? भांडण नाही, खरंच विचारतोय. कासला जातो तेव्हा एकेका फुलाचे पन्नास फोटो काढून आणतो.

खुरपं
घाटवाटा, पन्नास फोटो आणता आणि मग समूहावर "हे काय आहे?" विचारता, ते कशामुळे? :-) (हलकं घ्या)

आपलं कंदीलपुष्पच घ्या. सह्याद्रीत त्याच्या कितीतरी जाती आहेत आणि बाहेरून काही काही एकीसारखी दुसरी. फरक असतो कंदिलाच्या आत, नळीच्या तळाशी जे छोटं मुकुटासारखं असतं त्यात. तिथे कॅमेरा पोचत नाही. फूल चिरावं लागतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून काढावं लागतं. शिवाय फोटो त्या दिवशीच्या त्या एका झाडाचा. त्याला अळी लागलेली, वाऱ्याने पान उलटलेलं. चित्रात कळी, फूल, फळ, बी, कंद सगळं एका पानावर मावतं. वर्षभरात कधीच एकत्र न दिसणारं झाड कागदावर दिसतं.

शंकेखोर
मग ते चित्र खोटंच झालं की! असं झाड कुठेच नसतं.

दगडीछाप
शंकेखोर, तुमच्या या प्रश्नावर लोक पाचशे वर्षं भांडताहेत.

१५३० मध्ये ब्रुनफेल्स या जर्मन अभ्यासकाचा वनस्पतिग्रंथ आला. चित्रं हान्स वायडिट्झची, लाकडी ठशांवरून छापलेली. तोवरचे छापील ग्रंथ जुन्या चित्रांवरून नवी, त्यांवरून आणखी नवी, असे चालायचे. नकलेच्या नकलेत झाडाचं पार भेंडोळं व्हायचं. वायडिट्झ झाड समोर ठेवून बसला आणि दिसलं ते काढलं. मोडका देठ, कोमेजून लोंबणारं पान, किड्याने खाल्लेली कड, सगळं.

बारा वर्षांनी, १५४२ मध्ये, बाझेलला लिओनहार्ट फुक्सचा ग्रंथ निघाला. पाचशेच्या वर चित्रं, आणि भूमिका बरोबर उलटी. अमुक एक रोप त्याला नको होतं, ती जात हवी होती. फूल आणि फळ एकाच फांदीवर दाखवलं. चित्रकारांनी छायाप्रकाशाची हौस भागवून झाडाचा आकार झाकू नये, असं त्याने प्रस्तावनेत बजावलं. तरी माणूस दिलदार. ग्रंथाच्या शेवटी तिघांची चित्रं छापली, नावांसकट: झाड बघून काढणारा आल्ब्रेख्ट मायर, ते ठोकळ्यावर उतरवणारा हाइनरिख फ्युलमाउरर आणि लाकूड कोरणारा फाइट रुडोल्फ श्पेकले. कोरणाऱ्याचा फोटो पुस्तकात! आज मुखपृष्ठकाराचं नाव शोधायला चष्मा लागतो.

शंकेखोर
फोटो नव्हे, चित्र. १५४२ मध्ये फोटो नव्हते. (सवय.)

दगडीछाप
मान्य. सुधारता येत नाही, संपादनाची मुदत गेली.

मांडवीकाठ
मध्येच गोव्याची टिमकी वाजवतो. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये आमच्या गोव्यात छापला. भारतातला पहिला छापखानाही गोव्यातच, १५५६ चा. हिंग, आंबा, फणस, भांग सगळ्यावर दोन माणसांच्या गप्पांच्या रूपात लिहिलंय. पण चित्र? झाडाचं एकही नाही. चार वर्षांनी क्लुसियस या युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पमध्ये काढला, त्यात थोडे लाकडी ठसे आले. १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाव द आकोस्ताने स्पेनमध्ये बऱ्याच चित्रांसह स्वतःचा ग्रंथ काढला, त्यातही ऑर्ताचा माल भरपूर. म्हणजे झाडं इथली, लिहिणारा इथे, आणि चित्रं छापली ती सगळी तिकडे.

ऑर्ता वारल्यावर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली, १५८० मध्ये. ज्यू असल्याच्या आरोपावरून. हे विषयाला सोडून आहे, पण त्याचं नाव घेतलं की मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कालव्याकाठची
मांडवीकाठ, तुमच्या कोकणीची गोष्ट माझ्या गावात छापली गेलीय. मी अॅमस्टरडॅमला असते. 'होर्तुस मलाबारिकुस' इथेच छापला, १६७८ ते १६९३, बारा खंड, सातशेच्या वर ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने करवून घेतलेलं काम. झाडांची माहिती इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याकडून आणि रंगभट, विनायक पंडित, आपुभट या तीन कोकणी ब्राह्मणांकडून. या तिघांनी "ही माहिती आम्ही दिली, खरी आहे" असं लिहून दिलेलं १६७५ चं पत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं आहे, नागरीत. अॅमस्टरडॅममध्ये नागरीचे खिळे कुठून असणार? म्हणून अक्षरंसुद्धा चित्रासारखी पत्र्यावर कोरली. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही अशा माणसाने कोरलेली नागरी! पहिलंच चित्र नारळाचं आहे. एका ग्रंथालयात प्रत काचेखाली होती. मी वाकून ती अक्षरं वाचत होते, तर पहारेकऱ्याला वाटलं बाईंना चक्कर आली.

सिंधुदुर्गी
ते पत्र कोकणीत आहे की मराठीत, हा प्रश्न आहेच.

मांडवीकाठ
काही प्रश्न नाही. कोकणीच.

सिंधुदुर्गी
तुम्ही ते वाचलंय का?

मांडवीकाठ
तुम्ही?

सिंधुदुर्गी
प्रतिसाद काढून टाकला आहे.

व्यवस्थापक
कोकणी-मराठीसाठी आधीचे तीन धागे आहेत, तिथे जावे. इथे झाडे.

तापीतीर
जाता जाता, तो व्हान रेडे १६९१ मध्ये मुंबईजवळ समुद्रात जहाजावरच वारला आणि त्याला सुरतेत पुरलं. डच कबरस्तानात त्याची भलीमोठी कबर आहे. आमच्या लहानपणी तिथे क्रिकेट चालायचं. चेंडू आत गेला की "रेडेकाकांकडे गेला" म्हणायचे मोठे लोक, आम्हाला वाटायचं म्हशीवाले कोणी असतील.

पंक्चरवाला
=)) धागा वसूल.

अननसवाली
कालव्याकाठची, तिकडे आहात तर मारिया सिबिला मेरियनबद्दल लिहा ना. माझ्या आयडीचं मूळ ती आहे.

कालव्याकाठची
लिहिते की. १६९९ मध्ये बावन्न वर्षांची ही बाई आपल्या धाकट्या मुलीला घेऊन सुरिनामला गेली, किडे आणि त्यांची झाडं बघायला. पदरचे पैसे घालून. आजारी पडून १७०१ मध्ये परतली आणि १७०५ मध्ये साठ ताम्रपटांचा मोठा ग्रंथ काढला. पहिलंच चित्र अननसाचं, आणि त्यावर झुरळं! अननसवालीताईंना ठाऊक असेलच.

तिची एक युक्ती दगडीछाप यांना आवडेल. पत्र्यावरून नुकताच काढलेला ओला छाप दुसऱ्या कोऱ्या कागदावर दाबायचा. त्यावर फिकट प्रतिमा उतरते, पत्र्याची कड उमटत नाही आणि छापताना उलटं झालेलं चित्र पुन्हा सुलट होतं. फिकट रेघांवर रंग दिला की हाताने काढलेल्या मूळ चित्रासारखंच दिसतं. श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी अशा प्रती.

अननसवाली
झुरळांसकटच आवडतं मला ते चित्र. आईने मात्र हॉलमध्ये लावू दिलं नाही.

खुरपं
उलटं-सुलटं हा गमतीचा मुद्दा नाही बरं. घेवड्याचा वेल काठीभोवती ठरलेल्या दिशेनेच चढतो. कोरणाऱ्याने चित्र आरशातलं करून न घेता तसंच पत्र्यावर उतरवलं तर छापात वेल उलट्या दिशेने चढतो, आणि तसं झाड निसर्गात नसतं. रेम्ब्रांटने १६५० मध्ये एका शंखाचं चित्र असंच छापलं. सही उलटी कोरली म्हणून ती सुलट उमटली, शंख मात्र उलटा फिरला.

शंकेखोर
म्हणजे सही महत्त्वाची, शंख गेला उडत. कलाकार तो कलाकार.

मुळामुठा
पुणेकर म्हणून राहवलं नाही. दापोडी म्हणजे इंग्रजांचं दापुरी. तिथे मुंबई इलाख्याची सरकारी बाग होती, १८२८ पासून. अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर तिचा प्रमुख. त्याने १८४७ ते १८५० च्या सुमारास बागेतल्या झाडांची दीडशेहून जास्त चित्रं काढून घेतली. आज ती एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत, आणि छापून पुस्तक झालं ते २००२ मध्ये. चित्रकार गोव्याकडचा, पोर्तुगीज वळणाचा कोणीतरी होता, एवढंच कळतं. नाव नाही. झाडाचं नाव आहे, साहेबाचं आहे, हाताचं नाही. दापोडीवरून लोकलने रोज जाताना मला हे आठवतं आणि राग येतो.

शंकेखोर
राग समजतो, पण सरसकट नको. मद्रासकडे रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने रुंगय्या आणि गोविंदू या आपल्या चित्रकारांची नावं छापली, आणि गोविंदूच्या नावाने ऑर्किडच्या एका वंशाचं नाव ठेवलं, गोविंदुइया. वॉलिचच्या १८३० च्या मोठ्या ग्रंथात विष्णुप्रसाद आणि गोराचंद यांची नावं चित्रांखाली आहेत. आणि लंडनमध्ये बसून रोज ते छाप रंगवणारे गोरे कारागीर, त्यांची नावं तरी कुठे आहेत?

मुळामुठा
दोघांची नावं नाहीत म्हणून दोन्ही बरोबर होतं का? शिवाय गोविंदुइया आता दुसऱ्या वंशात विलीन झालंय. ते नावही गेलं.

शंकेखोर
हे मात्र माहीत नव्हतं. वाईट झालं.

दगडीछाप
वाइटचा विषय निघालाच तर: त्याचा मोठा ग्रंथ १८३८ ते १८५३, दोन हजारांवर चित्रं, आणि सगळी शिळाछापाची, बिनरंगी, मद्रासमध्येच छापलेली. त्याआधी रॉक्सबर्गच्या ग्रंथातली कोरोमांडेल किनाऱ्यावरच्या झाडांची तीनशे चित्रं लंडनला ताम्रपटावर छापून हाताने रंगवली. १७९५ ला सुरू झालेलं काम १८२० ला संपलं, तेव्हा रॉक्सबर्ग हयात नव्हता. देखणी आणि भयंकर महाग. दगडामुळे हे इथल्या इथे, स्वस्तात करता यायला लागलं.

आपल्याकडेही तोच दगड. गणपत कृष्णाजींनी १८३१ च्या सुमारास मुंबईत शिळाप्रेस काढला आणि पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पोथीला शिवत नसत, तर त्यांनी चरबीऐवजी तूप घातलं असं सांगतात. आमचे आजोबा मळवलीला रविवर्मा प्रेसमध्ये काही वर्षं दगड घासायच्या कामावर होते. एका रंगाला एक दगड. लक्ष्मीच्या साडीला वेगळा, कमळाला वेगळा. एक छापून झालं की वाळू आणि पाणी घालून घासून कोरा करायचा आणि पुन्हा वापरायचा. म्हणून जुने दगड पातळ होत जातात. आजोबा म्हणायचे, किती देव या हातांनी पुसले!

अननसवाली
शेवटच्या ओळीला साष्टांग.

घाटवाटा
मीच विचारलं होतं फोटो कशाला म्हणून. प्रश्न मागे घेतो. पन्नास फोटो मागे घेत नाही.

रानजाई
मंडळी, धाग्याचं काय केलंत! दोन दिवस गावाला होते, परत आले तर आजोबा, रेडेकाका, झुरळं.

तर अहवाल. कोपऱ्यावरच्या घड्याळजींनी भिंग दिलं, "लगेच परत आणा" या अटीवर. ठिपके नाहीत! रेघ कणीदार, खडूसारखी. एका पानाच्या कडेला हिरवा रंग रेघेबाहेर गेलाय. कागद दबलेला नाही. उजेडात तिरकं धरलं तर गुलाबी भागावर किंचित चकाकी आहे.

मग धीर करून फ्रेम उघडली. कागदाची कड पुठ्ठ्याखाली लपली होती. उजव्या कोपऱ्यात वर ५६२० असा आकडा. खाली डावीकडे अगदी बारीक अक्षरात "डब्ल्यू. फिच डेल. एट लिथ." आणि उजवीकडे "व्हिन्सेंट ब्रुक्स इंप." हे काय आहे? नवरा शेजारी उभा राहून वाचतोय.

दगडीछाप
नवऱ्याला बसायला सांगा.

डेल. म्हणजे चित्र काढलं, लिथ. म्हणजे दगडावर उतरवलं, इंप. म्हणजे छापलं. (ताम्रपटावर स्क. किंवा स्कल्प्ट. दिसतं, म्हणजे कोरलं.) वॉल्टर हूड फिचने दोन्ही कामं स्वतः केली, तो बहुतेकदा थेट दगडावरच काढायचा. हे 'कर्टिस बोटॅनिकल मॅगझीन'चं पान. १७८७ ला सुरू झालेलं मासिक, आधी ताम्रपट, १८४५ च्या आसपास दगड, आणि रंग मात्र १९४८ पर्यंत हाताने. शेवटपर्यंत माणसं बसून एकेक प्रत रंगवत होती. फिचने एकट्याने त्यात दोन हजार सातशेवर चित्रं दिली आणि १८७७ मध्ये मानधनावरून संपादक हूकरशी बिनसून सोडलं.

हुरळून जाऊ नका, दुर्मिळ नाही. लोक जुने खंड फाडून पानं सुटी विकतात, त्यातलं हे. पण अस्सल. चकाकी म्हणजे रंगावर दिलेला डिंक.

पंक्चरवाला
सहाशेत दीडशे वर्षं. नवऱ्याने पाना विसरावा.

खुरपं
५६२० हा आकडा फार कामाचा. या मासिकाची चित्रं पहिल्यापासून ओळीने क्रमांकित आहेत आणि जुने खंड जालावर चाळता येतात. बघून आलो. ५६२० म्हणजे १८६७ सालचं, कुर्कुमा ऑस्ट्रलेशिका. हूकरने या जातीचं नाव पहिल्यांदा याच पानासोबत छापलं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडची हळद. टोकाला जे गुलाबी आहे त्या पाकळ्या नाहीत, ती तुऱ्याची वरची पानं, आपल्या रानहळदीला असतात तशीच. खरी फुलं खाली, पिवळी, लहान. बघा सापडतात का.

शंकेखोर
थांबा. म्हणजे सासूबाई बरोबर?

खुरपं
जात वेगळी, वंश तोच. एका नजरेत, चष्म्याशिवाय, फ्रेमबाहेरून. त्यांना आमच्या समूहात घ्या.

रानजाई
वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मग मी काय सांगत होते?" आणि स्वयंपाकघरात गेल्या. पिवळी फुलं सापडली, तीन.

मुळामुठा
रानजाई, फ्रेममागचा तो जुना पुठ्ठा आधी काढून टाका, आम्लामुळे कागद तपकिरी होतो. आम्ल नसलेला पुठ्ठा सांगून घ्या. आणि उन्हाच्या भिंतीवर नको, पहिला जातो तो गुलाबी.

रानजाई
हो. सासूबाईंच्या खोलीत उत्तरेची भिंत आहे. खिळा ठोकायला नवरा हातोडी शोधतोय. रविवारी पुन्हा जुन्या बाजारात जावं लागेलसं दिसतंय.